रक्तातल्या पेशी गेल्या कुठे?

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना संशयकाका म्हणत, आणि खोटं कशाला बोला, ते नाव त्यांनी कमावलंच होतं! मशीनच्या आकड्यावर यांचा विश्वास नाही, म्हणून प्रत्येकाचं रक्त काचपट्टीवर पसरून स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. घरीही तीच तऱ्हा. बायकोच्या बांगड्या सापडेनात, तेव्हा या गृहस्थांनी सख्ख्या मुलाचे खिसे तपासले. बांगड्या निघाल्या धान्याच्या डब्यात. पण तोवर पोरगा घर सोडून गेला होता, आणि त्याची माफी मागायला काकांची जीभ काही रेटेना.

आता बायको तापाने फणफणून वरच्या मजल्यावर वॉर्डात पडलेली. श्वास घेतानाही दमत होती. त्यात तिचे चोरून फोन चाललेले. काका आले की फोन उशीखाली. कुणाला गं? विचारलं की नेमका खोकला!

सकाळी तिचं रक्त तपासायला आलं. काकांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पांढऱ्या पेशी अगदी तुरळक.

"नळ्या बदलल्यास तू!" ते रक्त काढणाऱ्या मुलीवर खेकसले. ती बिचारी रडवेली होऊन पुन्हा रक्त घेऊन आली. पुन्हा तेच.

"काका, कमाल करता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसात पहाऱ्यावर असलेल्या पेशींना विषाणू दिसला, की त्या रसायनं सोडून हाका मारतात. रक्तात फिरणाऱ्या पेशी त्या हाकेवर रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून तिकडे धावतात. म्हणून रक्तात कमी दिसतात. बोलावलंय त्यांना, पळून नाही गेल्या."

काकांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण घरचं माणूस अंथरुणाला खिळलं, की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

तरी बायको ठीक आहे ना, याची खात्री करायला ते वर धावले. खाटेपाशी मेहुणी, शेजारीण, आणि स्टुलावर मुलगा, आईला चमच्याने पाणी पाजत बसलेला.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"मी," बायको धापा टाकत म्हणाली. "मला एकटीला झेपेना. तुम्ही बोलावलं असतंत का?"

मुलगा उठला. त्याने पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. "बघून घ्या, बाबा."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन त्यांनी ते खिसे आपल्या हाताने आत सारले.

"चुकलो रे मी," ते म्हणाले. "बस. पाज तिला पाणी."