समुद्रकाठचे रोडगे

लग्न झालं तेव्हा बाबांनी आईला एकच गोष्ट कबूल केली होती, समुद्र दाखवीन. त्यानंतर चौदा वर्षं कापूस, संत्री, विहिरीचं खोदकाम आणि आम्ही दोन भावंडं, असं काही ना काही आडवं येत गेलं. शेवटी आईनं विषय काढणंच सोडून दिलं, आणि बाबांना तेच फार लागलं. सत्तरच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला शाळेला चक्क दांडी मारायला लावली आणि नागपूरजवळच्या बेसा गावातल्या आमच्या वावरात, म्हणजे शेतात, उभी असणारी जुनी जीप कोकणाच्या वाटेला लावली.

सामानात पोतंभर गोवऱ्या होत्या. आमच्या घरी सहल म्हणजे कन्हान नदीच्या रेतीवर रोडगे. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वरणात कुस्करून खायचे. जिथं रेती आणि पाणी, तिथं रोडगे, यात कोणालाच शंका नव्हती. नागपूर ते समुद्र मी त्याच पोत्यावर बसून गेले आणि वाटेत प्रत्येक गावाला त्याबद्दल तक्रार केली.

अमरावतीच्या पुढपर्यंत पळस आमच्या सोबत होता. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. आई खिडकीशी बसून झाडं बघायची. बाबांचा जीव मात्र मातीत. जरा वेगळी जमीन दिसली की जीप थांबलीच. खाली उतरून ढेकूळ फोडायचे, बोटांत चोळायचे.

"काहून थांबले आता?" आई विचारायची.

"माती पाहून राहिलो."

"समुद्र पाहाले निघालो आपण, का लोकाइची वावरं?"

महाबळेश्वरचा घाट उतरलो तसा काळ्या मातीचा मागमूस राहिला नाही. बाबांनी तांबडं ढेकूळ उचललं आणि चेहरा पाडून म्हणाले, "याच्यात काय पिकत असन वं?" आईनं नुसतं समोर बोट दाखवलं. आंबा शेंड्यापर्यंत मोहरला होता आणि शेजारच्या फणसाच्या खोडाला मुठीएवढी फळं लगडली होती. बाबा गुपचूप जीपमध्ये येऊन बसले.

दापोलीपलीकडच्या त्या गावी पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. नारळीच्या बागेतून आम्ही किनाऱ्यावर आलो आणि बघतो तर लांबच लांब ओली रेती, आणि पार तिकडे पाण्याची एक करडी रेघ. आई बराच वेळ बघत राहिली.

"इतकाच हाये?" ती म्हणाली.

बाबा तिथंच रेतीवर टेकले. तीन दिवस जीप चालवलेला तो माणूस एकदम दमलेला दिसला. मला आईचा तेव्हा फार राग आला.

रोडगे तर करायचेच होते. आईनं हिरमुसल्या तोंडानं कणीक मळली. बाबांनी पाण्याच्या दिशेनं बरंच पुढे जाऊन, नदीवर शोधायचे तशी सपाट जागा शोधली आणि गोवऱ्या पेटवल्या. नारळ घेऊन चाललेले एक म्हातारे आजोबा ओरडले, "भरती येतेय हो, वर व्हा!" बाबांनी आभाळाकडे पाहिलं. आमच्याकडे पाणी चढतं ते पाऊस पडल्यावर, आणि आभाळ तर लख्ख होतं. त्यांनी आजोबांना हात जोडले आणि निखारे सारखे केले.

तासाभरात समुद्र आला. पहिली लाट गोवऱ्यांपाशी थांबली, दुसरीनं निखारे विझवले. राखेचं काळं पाणी चहूकडे झालं, अर्धवट जळलेल्या गोवऱ्या तरंगायला लागल्या, वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, वाहून निघाला आणि बाबा त्याच्यामागे धावले. "पोरांनो, मागं सरा!" असं ओरडत आई आमच्याकडे वळली, तेवढ्यात लाट तिच्या गुडघ्यांवर आदळली.

"अवो माय!" म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेना. लुगडं भिजलं, केस सुटले, समोर सूर्य पाण्यात उतरत होता आणि आई खळखळून हसत होती. अशी हसताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा रिकामा गंज हातात धरून तिच्याकडेच बघत राहिले.

तिनं पाण्यातून एक रोडगा उचलला, तोडला, अर्धा बाबांच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः चाखला. "मीठ टाकाले विसरली होती मी," ती म्हणाली. "आता बरोबर झालं."

पुन्हा समुद्रावर जाणं काही झालं नाही. पण पुढे प्रत्येक वेळी रोडग्यांची कणीक मळताना आई बाबांना हाक मारून विचारायची, "मीठ डब्यातलं टाकू, का आणाले जाता?" बाबा म्हणायचे, "यंदा डब्यातलंच टाक वं. पुढच्या साली जाऊ."

बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रोडगे केले, तेव्हा आई परातीपाशी कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मग मीच उठले आणि मीठ टाकलं.