लाईट गेल्यावर
काल दुपारी लाईट गेली, वडगावातले यंत्रमाग एकदम थांबले आणि त्या शांततेत मला तो म्हातारा आठवला. आमच्या गल्लीतल्या देवळाच्या कट्ट्यावर तो राहायचा. कुठला, कुणाचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवसभर एकटाच बोलायचा, पण मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. लाईट गेली की आम्ही विणकरांची पोरं बाहेर येऊन त्याचं बोलणं सुताच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचो. त्यातूनच आमच्या कविता आल्या, मासिक निघालं, पार निपाणी-बोरगावची पोरंही तसंच लिहू लागली आणि लोक त्याला चळवळ म्हणू लागले. मग शाळेच्या हॉलात आमचं पहिलं मोठं कविसंमेलन भरलं. दारावर मी होतो, आणि मला लई शहाणपण आलेलं. तो आला, अंगावर गोणपाट, पाय धुळीनं भरलेले. आत पाहुणे बसलेले. मी हळूच म्हटलं, "आप्पा, आत कार्यक्रम चाललाय, मागाहून या." आत कुणीतरी त्याचीच ओळ वाचत होतं, टाळ्या पडत होत्या. त्यानं जरा कान दिला. "व्हय रं," तो म्हणाला, "तुमी लाईट गेल्यावरच ऐकताय न्हवं? तवा येतो." त्या संध्याकाळी लाईट गेलीच नाही, आणि तो पुन्हा कट्ट्यावर दिसला नाही. काल माग थांबल्याबरोबर मी दार उघडून उभा राहिलो, लाईट येईपर्यंत.