ताईची गाठ आणि बारा काचा

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं एकच काम. रुग्णाच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्याखाली त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे. काप फाटला तर ती पात्याला शिव्या घालायची, हाताला कधीच नाही.

तिच्याच छातीत गाठ निघाली तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "ताई, हा ठोकळा बाहेर पाठवू या."

"का? बाहेरच्यांचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे?"

"तसं नाही. तुमचीच गाठ, म्हणून..."

"माझीच ना? मग कापणारही मीच."

कापली. हात तसूभरही हलला नाही. घरी भाजी चिरताना मात्र बोट कापलं. नवऱ्याला म्हणाली, "सुरी बोथट आहे."

तपासणी एका प्रथिनाची होती. काही गाठींच्या पेशींवर ते प्रमाणाबाहेर साचतं आणि पेशींना वाढीसाठी सारखं ढोसत राहतं. नेमकं तेच हेरून त्याला चिकटणारं औषध मिळतं. पण प्रथिनच नसेल तर औषध फुकट. पेशींभोवती तपकिरी कडी उमटली, की ते आहे असं समजायचं.

नव्या डॉक्टरणीने ताईची काच पाहिली आणि 'निगेटिव्ह' लिहायला घेतलं. ताईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात हमखास रंगणारा एक जुना तुकडा लावलेला असतो, त्याला कंट्रोल म्हणतात. तोही पांढराफटक होता.

"हा रिपोर्ट जाणार नाही. कंट्रोलच उठला नाहीये."

"ताई, राग मानू नका, पण तुम्हाला पॉझिटिव्ह हवंय म्हणून..."

"हवंयच! कुणाला नको असेल? पण माझ्या हवं-नकोने काच रंगत नाही. या ट्रेमध्ये आणखी अकरा बायकांच्या काचा आहेत. त्यांचे कंट्रोल बघा, आणि मग लिहा काय लिहायचं ते."

डॉक्टरणीने एकेक काच पाहिली. बाराव्या काचेनंतर तिने पेन खाली ठेवलं.

रंगाची बाटलीच खराब निघाली. पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा ताईने ताजे काप काढून दिले आणि म्हणाली, "आता रंग दुसऱ्याला लावू द्या. नावं झाका, नुसते आकडे ठेवा. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

या वेळी सगळे कंट्रोल गडद उठले. बारापैकी चार काचांवर कडी पुरी होती. त्यातली एक ताईची.

"हा प्रकार जोमाने वाढतो, ताई," मोठे डॉक्टर हळूच म्हणाले.

"वाढू दे. आता तो लपलेला तरी नाही."

वर्षभर दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ते औषध चाललं, सुरुवातीचे काही महिने सोबत केमोही. केस गेले. जाऊबाईने आणलेला रुमाल ताईने कपाटात टाकला आणि तुळतुळीत डोक्याने कामावर आली. केमोनंतर गाठ आक्रसली, तेव्हा ऑपरेशन झालं. आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. "बरी झालात" असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, आणि तीही म्हणवून घेत नाही.

उरलेल्या तिघी कोण, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायचं नसतं असा नियम आहे, आणि हा मात्र ती मुकाट पाळते.