नारळ फोडायला दगड

लाइव्ह कॉन्सर्ट कशी उभी करायची, हे शिकवणारा एक डिप्लोमा मी नवी मुंबईत केला. शिकवणाऱ्या सरांनी जन्मात एकही कॉन्सर्ट उभी केलेली नव्हती, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. ते फळ्यावर चौकोन काढायचे. हा स्टेज, हा मिक्सर, ही पब्लिक. पब्लिकचा चौकोन नेहमी सगळ्यात लहान असायचा. मग खडू झटकत म्हणायचे, "बॅकअपचाही बॅकअप पाहिजे." वर्गातल्या प्रोजेक्टरचा बल्ब उडाला तेव्हा पुढचा महिनाभर आम्ही स्लाइड्स तोंडीच ऐकल्या.

मी तरी कोण लागून गेले होते? उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. मिठागरं गेली, आता घरचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात आणि वडिलांचं एक पत्र्याचं ऑफिस आहे. कोर्स करून काम मिळालं नाही, तर त्या ऑफिसात बसून कंटेनरचे नंबर लिहायचे, असं घरात ठरलं होतं. म्हणून शेवटच्या प्रॅक्टिकलला शो करणाऱ्या कंपनीने सांगितलं की तुमच्यातल्या एकाला आम्ही कायमचं घेऊ, तेव्हा ती जागा मला हवीच होती. वर्गातल्या बाकीच्या सात जणांना खाडीत ढकलूनही हवी होती.

घरात आणखी एक कॉन्सर्टवाला होता. माझा सख्खा काका. हळदी-लग्नांत बेंजो पार्टी वाजवतो, स्वतःचा साउंड आहे, स्वतःचा टेम्पो आहे. प्रत्येक स्पीकरवर त्याने स्वतःचाच गॉगल घातलेला फोटो छापून घेतलाय. माइक तपासायचा म्हणजे त्यात तीनदा फुंकर मारायची, चौथ्यांदा खोकायचं, झालं. कॉलेजात कुणी विचारलं, घरी या लाइनमध्ये कुणी आहे का, तर मी सरळ नाही म्हणायचे. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटायची.

प्रॅक्टिकलची कॉन्सर्ट रेवदंड्याजवळ होती, सुरूच्या बनाला लागून, वाळूवर. कंपनीचा हेड मुंबईहून आला होता. त्याच्या कमरेला दोन वॉकीटॉकी होते आणि तो शेजारी उभ्या माणसाशीही त्यातूनच बोलायचा. त्याने आम्हाला गायकाच्या मागण्यांची यादी वाचायला दिली. चांगली बावीस पानं. टॉवेल पांढरे, पण फार पांढरे नकोत. बदाम भिजवलेले, पण सोललेले नकोत. खोलीत उदबत्तीचा वास नको, फुलांचा चालेल. हे सगळं मी आणि आणखी एका मुलीने अलिबागच्या बाजारात फिरून गोळा केलं. एवढे नखरे आमच्याकडे नवरदेवाचेही नसतात.

माझ्याकडे दोन कामं होती. एक, स्टेज बॉक्स. स्टेजवरच्या सगळ्या माइकच्या आणि वाद्यांच्या वायरी ज्या पेटीत येतात आणि तिथून एका वायरीने समोर मिक्सरपर्यंत जातात, ती पेटी. तिच्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही. दुसरं, उद्घाटन. हेडने बजावून ठेवलं होतं की पहिली पॉवर देण्याआधी गावच्या पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फुटला पाहिजे. जो माणूस दिवसभर प्रोफेशनल, प्रोफेशनल करत होता, तो नारळाशिवाय बटण दाबायला घाबरत होता. मी मनातल्या मनात हसले आणि यादी केली. नारळ, हार, उदबत्ती, काडेपेटी, शाल.

सकाळी काका दिसला. पार्किंगमध्ये घोषणा करायला कंपनीने कुणीतरी लोकल साउंडवाला ठरवला होता, तो नेमका हाच निघाला. टेम्पोतून उतरून तो हसत माझ्याकडे यायला लागला. मी फोनमध्ये डोकं घातलं. तो अर्ध्या वाटेत थांबला, मग वळला आणि पार्किंगमध्ये जाऊन स्पीकर उतरवायला लागला. मला हायसं वाटलं.

दुपारी पुढारी आले, सोबत वीसेक माणसं. हार झाला, शाल झाली, उदबत्ती वाऱ्याने तीनदा विझली. पुढाऱ्यांनी नारळ हातात घेतला, वर उचलला आणि तसेच उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "दगड कुठाय?"

दगड नव्हता. खाली प्लायवूड, त्याखाली वाळू, पुढे समुद्र. बावीस पानांत बदामाचं साल होतं, दगड नव्हता. माझ्याही यादीत नव्हता, कारण असल्या गावठी गोष्टीचा इतका विचार कोण करतो! हेड वॉकीटॉकीत ओरडत दगड शोधायला स्टेजमागे धावला, "स्टोन! एनीबडी, स्टोन!" पुढारी नारळ वर धरून उभे, जसा काही त्यांचाच पुतळा बसवलाय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाजूची एक रिकामी ट्रंक पुढे ओढली. लोखंडी कोपऱ्यांची, भक्कम. "यावर फोडा, सर."

ती ट्रंक मी स्टेज बॉक्सला अगदी चिकटवून ठेवली होती. पुढाऱ्यांनी पहिला घाव घातला, नारळाला चीर गेली. दुसऱ्याला तो असा फुटला की अर्धं पाणी त्यांच्या शालीवर आणि अर्धं स्टेज बॉक्सच्या भोकांत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टाळ्या ऐकून परत आलेल्या हेडने पॉवर द्यायला सांगितली. स्पीकरमधून चुलीत मीठ टाकल्यासारखं तडतडलं आणि सगळं गप्प झालं.

तेवढ्यात मागून कुणीतरी धावत स्टेजवर चढलं. "लाइट बंद कर बाय, पयली! त्या पेटीन पानी गेलाय!" काका होता, नारळ फुटताना पार्किंगमधून बघत होता. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने मला हाक मारली होती.

हेडच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी पेटी? होती की, मुंबईच्या गोडाऊनमध्ये. बॅकअपचा बॅकअप बहुतेक सरांच्या फळ्यावर होता. सर स्वतः सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून वडापाव खात होते. पुढारी माणसांसकट निघून गेले होते, सूर्य कलायला लागला होता आणि गेटबाहेर लोक जमत होते.

काकाने कुणालाच काही विचारलं नाही. म्हणाला, "माजी वायर हाय टेम्पोन." हळदीच्या मांडवात वापरायची ती वायर, मनगटाएवढी जाड, जागोजागी पिवळी टेप. तिच्या एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला पिनांचा झुबका. ती त्याने वाळूवरून ओढत नेली, मिक्सरच्या पाठीमागे एकेक पिन लावली, परत स्टेजवर आला, गुडघ्यांवर बसून एकेक माइक जोडला. दीड तासाने माइकमध्ये तीनदा फुंकर मारून खोकला. आवाज थेट सुरूच्या बनापर्यंत गेला. कुणीही हसलं नाही.

मग हेडच्या जिवात जीव आला आणि जीव येताच त्याला दोषी माणूस हवा झाला. आम्हा आठही जणांना त्याने स्टेजवर ओळीत उभं केलं. "ती ट्रंक तिथे कुणी ठेवली?"

काका माझ्यापासून चार हातांवर, गुडघ्यांवर बसून शेवटची वायर टेपने चिकटवत होता. मला वडिलांचं पत्र्याचं ऑफिस दिसलं, ती नंबरांची वही दिसली. बाकीच्या सात जणांचं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"सर, या लोकल साउंडवाल्याने."

नारळ फुटला तेव्हा हा माणूस पार्किंगमध्ये होता. सात जणांना ते माहीत होतं, पण त्यांनी जमिनीकडे पाहिलं, कारण त्यांच्यावर वेळ आली असती, तर त्यांनीही हेच केलं असतं. काकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग हातातली टेप दाताने तोडली.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "मीच ठेवली. आमच्या ध्यानात न्हाय आला."

"म्हणून सांगतो, लोकल लोकांना स्टेजवर चढू देऊ नका," हेड आम्हाला म्हणाला, "यांना डिसिप्लिनच नाही. चला, उतरा खाली." काका उतरला. त्याच्याच वायरीवरून पुढचे दोन तास गाणी वाजली. गायकाने शेवटी कंपनीच्या संपूर्ण टीमचे आभार मानले आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मी कानाला हेडसेट लावून स्टेजच्या कडेला उभी होते. वेळेवर उत्तर दिलं म्हणून हेडने तो मलाच दिला होता.

ती जागा मला मिळाली. मी अजून त्याच कंपनीत आहे.

शो संपल्यावर मी काकाला वायर गुंडाळू लागायला गेले. तो म्हणाला, "राहू द्या, मॅडम." मी नुकती चालायला लागले तेव्हापासून तो मला बाय म्हणत आला होता. आता घरी जेवणावरही मॅडम, सणावारीही मॅडम, चारचौघांत पाहुण्यांना ओळख करून देतानाही मॅडम. घरचे हसतात. त्यांना वाटतं, कौतुकाने म्हणतो.