पाद्रीसाहेबांची वाट

आजारपणात वडिलांचे शब्द एकेक करून गेले आणि शेवटी ‘पाद्री’ एवढाच उरला. त्यांना प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं पाद्रीच्या हातून मिळणारी भाकर, हवं होतं. ‘पाद्री’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पातेर’, म्हणजे पिता, यापासून आला, पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन भाषांत राहिला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे उतरला, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं होतं. त्या दुपारी केडगावच्या घरात मला फक्त फोन लावता येत होता. पाद्रीसाहेब शिरूरला लग्न लावायला गेले होते.

“दादा, दम धरा की. साहेब जेवल्याबिगर उठत्यात व्हय?” आत्या वडिलांना म्हणाली. ते हसले, असं मला वाटलं.

साहेब संध्याकाळी आले. प्रार्थना करून त्यांनी भाकरीचा कण वडिलांच्या जिभेवर ठेवला. वडिलांनी डोळे मिटले, जबडा हलवला, पण गिळता येईना. कण ओठांतून हनुवटीवर आला. साहेबांनी पुन्हा ठेवला, तो पुन्हा बाहेर आला.

आत्यानं तो पदरानं टिपून मुठीत धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू शिकलेला हायेस. सांग, त्यांनी घेतलं म्हणायचं का न्हाई?”