संथ होडीची बाजू

सत्यशीला वासनिक निवृत्त झाल्या आणि त्यांच्या मुलाला, रोहनला, घोर लागला. सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून पायाला भिंगरी लावून फिरलेली आपली आई आता धनकवडीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करणार काय? वडील, भीमराव, जाऊन दोन वर्षं होत आली होती. रोहन आणि त्याची बायको पूर्वा सकाळी हिंजवडीला जायला निघाले की घरात फक्त फ्रिजचा आवाज उरायचा. शेवटी एका रविवारी रोहनने आईचा फोन मागून घेतला आणि तिला 'हर्षवनप्रेमी' नावाच्या ग्रुपात घालून टाकलं. ग्रुप त्यानेच सुरू केलेला होता.

हर्षवन म्हणजे कात्रजचा घाट ओलांडून गेलं की लागणारं करमणुकीचं उद्यान. आकाशपाळणा, भुतांचं घर, पोटात गोळा आणणारी एक वळणावळणांची गाडी, आणि दारात मक्याची कणसं. पुण्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या, कितीतरी वाढदिवस तिथे झाले. त्या सहलींमधली पोरं आता नोकरीला लागली होती, पण हर्षवन काही त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आकाशपाळण्याला नवा रंग कोणता द्यायला हवा होता, यावर ती मंडळी चार-चार दिवस भांडत.

सत्यशीलाबाईंनी पहिल्या दिवशी गुलाबाच्या चित्रासकट 'सुप्रभात' पाठवलं. तेजस नावाच्या एका मुलाने लगेच लिहिलं, की काकू, या ग्रुपवर सुप्रभात चालत नाही. बाईंनी उत्तर दिलं, "बरं. मग सकाळ वाईट जावो असं लिहू का?"

मूळच्या त्या भंडाऱ्याच्या. पण इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांनी पुणेकरांची एक विद्या पक्की उचलली होती, थोडक्या शब्दांत समोरच्याला गार करायची. ग्रुप त्यांच्यावर खूश झाला. काकू काय म्हणतात, याची वाट बघितली जाऊ लागली.

मग एके दिवशी बातमी आली. हर्षवनाने शेजारची जमीन घेतली होती. उद्यान वाढणार होतं, आणि जुन्या खेळांपैकी काही 'नीलकेतू'च्या चित्रपटांवर बेतून नव्याने उभे राहणार होते. नीलकेतू म्हणजे समुद्रातून आलेला निळ्या कातडीचा राजपुत्र. त्याचे तीन भाग येऊन गेले होते आणि पोरंसोरं चौथ्या भागाची डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. पहिला नंबर लागणार होता होडीच्या सफरीचा.

ही होडी उद्यानातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत संथ. सिमेंटच्या नदीतून ती जायची, दोन्ही काठांना सिमेंटचीच जनावरं. एक वाघ मान हलवून गुरगुरायचा, एक पाणघोडा जबडा उघडायचा आणि मिटायचा, मग एक लांबलचक काळोखा बोगदा, आणि बाहेर आलं की उतरायचा धक्का.

ग्रुपात दोन तट पडले. तेजसने लिहिलं, की ती होडी म्हणजे झोपेची गोळी आहे, गेली तर बरंच. सत्यशीलाबाईंनी लिहिलं, "बेटा, झोपेच्या गोळ्या मी जन्मभर वाटल्या. त्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. होडीला तिकीट पुरतं."

पण खरी झुंज जुंपली ती मायलेकांत. रोहन नीलकेतूच्या बाजूचा. त्याने सविस्तर लिहिलं, की जी उद्यानं बदलत नाहीत ती बंद पडतात, त्या होडीचे सुटे भाग आता मिळत नाहीत, आजच्या मुलांना त्या रंग उडालेल्या वाघाचं काय कौतुक असणार. बाई स्वयंपाकघरातून उत्तर टाकत, की चित्रपट आज आहे उद्या विसरला जाईल, मग काय दर पाच वर्षांनी नदी उकरणार का. हॉलमध्ये रोहनचा फोन वाजे, तो टंकू लागे, की आत बाईंचा वाजे. जेवायला बसल्यावर दोघंही भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे काही बोलत नसत. मधे बसलेली पूर्वा मुकाट्याने पोळी वाढून घेई.

असं बरेच दिवस गमतीत चाललं. मग एका दुपारी रोहनने ऑफिसातून लिहिलं, "काही लोकांना वाटतं की त्यांच्या आठवणींसाठी सगळ्या जगाने थांबून राहावं."

बाई तेव्हा मेथी निवडत होत्या. त्यांनी ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकू कुठे गेल्या, म्हणून ग्रुपात विचारणा सुरू झाली. तेजसने तर सरळ रोहनला लिहिलं, की तू जरा जास्तच बोललास.

रोहनलाही ते कळत होतं. शनिवारी संध्याकाळी पूर्वा बाजारात गेली होती आणि बाई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. तो जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला, चिमटे गोळा करायला लागला.

"तुला ठाऊक नाही," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "पण त्या होडीतच माझा खरा संसार सुरू झाला."

आणि त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं. भीमराव एका कारखान्यात फिटर, त्यांची पाळी सतत बदलती. बाईंची रात्रपाळी. एकाच खोलीत राहायची, पण एक आला की दुसरा निघायचा. कोणीतरी हर्षवनाचे पास दिले, म्हणून दोघं गेली. भीमरावांना उंचीची भीती, बाईंना गरगरायचं, म्हणून होडी. आत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाच्या शेजारी आपण असं नुसतं बसलोच नव्हतो कधी. कोणी हाक मारत नव्हतं, काही उकळत नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं. तेवढ्यात पाणघोडा आला. त्याने जबडा उघडला आणि मिटला. भीमराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आमचा सुपरवायझर हाच, रजा मागितली की असंच करतो, तोंड उघडतो आणि काही न बोलता मिटतो. बाई इतक्या हसल्या, की धक्क्यावरच्या माणसाने बाईंना काही होतंय का म्हणून विचारलं. पुढे रोहन झाला, नोकऱ्या बदलल्या, घर झालं. पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा शीण उतरला, की पुढच्या रविवारी हर्षवन ठरलेलं. आणि सुपरवायझरला सलाम ठरलेला. मुलासमोर मात्र ते कधी मोठ्याने बोलले नाहीत. ते दोघांचंच होतं.

रोहन ऐकत होता. त्याच्या हातातला चिमटा खाली पडला, तो त्याने उचलला नाही.

"काय म्हणालीस? सुपरवायझर?"

"हो. का?"

तो आत जाऊन पलंगावर बसला. बाई कपड्यांचा ढीग तसाच घेऊन त्याच्या मागे आल्या. मग त्याने जे दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

भीमरावांची छाती शेवटी अगदीच खराब झाली होती. ते गेले त्या एप्रिलमध्ये त्यांनी हट्ट धरला, की हर्षवनाला जायचंच. बाईंना रजा मिळाली नाही. रोहन एकटा त्यांना घेऊन गेला. उद्यानात त्यांना धाप लागली आणि तिथूनच दवाखान्यात न्यावं लागलं, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं. धाप लागली ती होडीत, हे नाही सांगितलं. पाणघोडा मागे पडला आणि बोगद्याच्या तोंडाशीच त्यांचा श्वास अडकला. मग तो काळोख. रोहनने त्यांना छातीशी धरलं आणि हाका मारल्या. ऐकायला कोणी नव्हतं.

"होडी पुढे सरकतच नव्हती, आई. तिला घाईच नव्हती. मी पाण्यात हात मारत होतो, की जरा तरी पुढे जाईल."

बाईंची बोटं नकळत त्याच्या मनगटावर गेली होती, नाडी बघावी तशी.

"आणि बाबा काहीतरी बरळत होते," तो म्हणाला. "सुपरवायझर रजा देत नाही, म्हणत होते. तिला सांग, सुपरवायझरने आजही रजा दिली नाही. मला वाटलं त्यांना वात झाला. कारखान्यातलं काहीतरी आठवतंय. मी तुला कसं सांगणार होतो?"

सत्यशीलाबाईंना हसू आलं, आणि ते हसू मधेच कुठेतरी मोडलं, आणि त्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. भीमराव गेले तेव्हा त्या रडल्या होत्या ते चार माणसांत, सगळ्यांना चहा मिळाला का हे बघत बघत. आज त्यांना कोणाकडे बघायचं नव्हतं.

"वात नव्हता रे," त्या शेवटी म्हणाल्या. "शुद्धीवर होते ते. मी आले नाही म्हणून चिडवत होते मला."

पूर्वा पिशव्या घेऊन आली तेव्हा दोघं शेजारीशेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने चहा ठेवला.

होडीवरून दोघांचं एकमत झालं असं मात्र नाही. बाईंना अजूनही ती तशीच राहायला हवी होती आणि रोहनला अजूनही ती जायला हवी होती. पण आता दुसऱ्याला तसं का वाटतं हे दोघांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे ग्रुपात लिहिताना हात जरा सावकाश चालू लागला.

त्याच सुमाराला हर्षवनाने चाहत्यांना भेटायला बोलावलं. नव्या कामाची जबाबदारी नम्रता नावाच्या बाईंवर होती. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. निळे प्रवाळ, नीलकेतूचा राजवाडा, आणि बोगद्याच्या शेवटी होडी एकदम वेगाने खाली कोसळणार अशी युक्ती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणाचं काही म्हणणं आहे का, असं विचारल्यावर रोहन आईकडे बघायला लागला. ती आता वाघाची बाजू घेणार, असं त्याला वाटलं होतं.

सत्यशीलाबाई उठल्या. जनावरं जाणार हे मला दिसतंय, असं त्यांनी सांगितलं, त्यावर मी भांडत नाही. "पण माझ्या दोन मागण्या आहेत. होडी संथ ठेवा. ज्यांना दुसरं काही झेपत नाही, म्हातारी माणसं, गरोदर बायका, त्यांना बसायला तुमच्याकडे एवढी एकच जागा आहे. आणि बोगद्याच्या मधोमध एक दार करा, तिथे दिवा आणि एक माणूस असू द्या. आत कोणाला काही झालं तर हाक ऐकायला."

दुसरी मागणी कुठून आली, हे फक्त रोहनला कळलं. त्याने मान खाली घातली.

तेजस मागून म्हणाला, "संथ ठेवा. मला कुठे झोपायला मिळणार नाहीतर." सगळे हसले, आणि होडीच्या विरोधातल्या बऱ्याचजणांनीही हात वर करून त्याला होकार दिला. नम्रताताईंनी अभियंत्यांशी बोलून सांगते असं म्हटलं. असं म्हणणारे लोक पुष्कळदा नंतर काही सांगत नाहीत, पण या बाईंनी महिन्याभरात फोन केला. कोसळणं रद्द झालं होतं. दार होणार होतं.

जुन्या होडीच्या शेवटच्या आठवड्यात मायलेक एकदा जाऊन बसली. पाणघोड्यासमोर बाईंनी कपाळाला हात लावून सलाम केला, आणि रोहननेही केला. बोगद्यात त्याचा श्वास जड झाला. बाईंनी त्याचा हात धरला आणि तो लहानपणी इथे कसा डोळे मिटून 'आलं का बाहेर, आलं का बाहेर' विचारायचा ते सांगत राहिल्या, बाहेर येईपर्यंत.

पुढच्या वर्षी नीलकेतूची होडी सुरू झाली. ती फारच हळू जाते, अशी तक्रार नव्या पोरांनी ग्रुपात केली, तेव्हा तिची बाजू मांडत सगळ्यांत लांबलचक लिहिलं ते रोहनने. बाईंनी मधल्या काळात पूर्वाबरोबर बसून तिन्ही भाग बघून टाकले होते. नीलकेतूच्या आईवर दिग्दर्शकाने फार अन्याय केला आहे, हे त्यांचं ठाम मत झालं होतं आणि ते ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती.

एका बुधवारी त्या दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला, इंदुबाईंना, घेऊन हर्षवनाला गेल्या. इंदुबाईंचे गुडघे धरलेले, त्या कुठल्याच खेळात बसायला तयार नव्हत्या. होडीत मात्र बसल्या. काठावरच्या निळ्या पुतळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, की हा कोण बाई, आणि याला असं काय झालंय.

सत्यशीलाबाई सरसावून बसल्या. "त्याचं असं झालं," त्यांनी सुरुवात केली, "की मुळात त्याच्या आईचं ऐकूनच घेतलं नाही कोणी." आणि पहिल्या भागापासून सगळं सांगायला घेतलं. राजपुत्र समुद्रातून जेमतेम बाहेर आला असेल, तोवर होडी धक्क्याला लागली. इंदुबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी उतरवायला आलेल्या मुलीला सांगितलं, की आमची गोष्ट अर्धी राहिली आहे, आम्हाला परत आत सोड.