वारा पडला की माझं खळं

रिसोडात बसून हेलिकॉप्टर उडवायचं खूळ डोक्यात शिरलं कसं, असं मला अजूनही कोणीतरी विचारतं. मी सरळ सांगतो, खूळ नव्हतं, पुढची पायरी होती. कॉलेजात कॅडेट असताना मी तारेचं विमान शिकलो. मधोमध आपण उभं राहायचं, मुठीत दोन तारा धरायच्या, आणि तारांच्या टोकाला इंजिनाचं लहानसं विमान आपल्याभोवती गरगर फिरतं. पुढं रिसोडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तरी ते विमान सुटलं नाही. बाजाराच्या पटांगणात मी ते उडवायचो आणि उडवता उडवता जमलेल्या लोकांना समजावूनही सांगायचो, हे आता असं वळेल, हे आता उलटं होईल. माझं तोंड आणि माझे हात कायम एकदमच चालत आले आहेत. काही वर्षांत त्या विमानाची एकही खोडी मला नवी राहिली नाही, आणि हात बसला की मला कंटाळा येतो.

अशातच अकोल्याच्या एका डॉक्टरांचा रेडिओग्राम दुरुस्त करायला गेलो. त्यांच्या माडीवर, जुन्या गाद्यांच्या आड, हेलिकॉप्टर पडलेलं दिसलं. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेलं, चांगलं हातभर उंच, तार नाही, दोरी नाही, सगळा कारभार रेडिओवर. इंजिन मिथेनॉल, एरंडेल आणि चमचाभर नायट्रो यांच्या मिश्रणावर चालणारं. दोन-तीनदा आपटून झालेलं होतं, डॉक्टरांना त्याचा वीट आलेला होता. माझं तारेचं विमान मात्र त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांचा जीव त्याच्यावर होता. अदलाबदल ठरली. निघताना म्हणाले, "पात्यांचा हा शेवटचा जोड आहे. हा मोडला की काचेच्या कपाटात ठेवायचं."

"मोडत नाही," मी म्हणालो. असं बोलायची मला सवय आहे. पण बसमध्ये बसल्यावर एक गोष्ट नीट लक्षात आली. विमान गेलं होतं. आता ही दोन लाकडी पाती मोडली, तर माझ्याजवळ उडवायला काहीच उरणार नव्हतं. येताना मी ते गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरनं गोधडीतून बाहेर आलेली शेपटी पाहिली आणि म्हणाला, "लेकराचं हाफ तिकीट लागते, बाप्पा." आख्खी बस हसली. मीही हसलो, पण गोधडी सोडली नाही.

रिसोडच्या पटांगणात एकदाच सुरू करून पाहिलं. गोटे, शेळ्या, धूळ आणि पाच पावलांवर येऊन उभी राहणारी माणसं. तिथं पात्यांची खैर नव्हती. मला हवी होती सपाट, कडक, झाडून काढलेली जमीन, जिथं खडासुद्धा नसेल. तशी जागा पाऊण जिल्ह्यात एकच प्रकारची असते, आणि तसली एक आमच्या घरची होती. रिठदला आमचं शेत. वडील गेल्यापासून माय एकटीच ते पाहायची. ज्वारीचा हंगाम होता, खळं नुकतंच शेणानं सारवलेलं, तळहातासारखं साफ.

मायचा आणि माझा स्वभाव एकच, म्हणून आमचं पटायचं नाही. मी मशीन घेऊन गेलो तेव्हा तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"खळ्यात चपला घालून कोन आलं रे? लक्ष्मी पडली हाय तिथं."

चपला काढल्या. मग काय पाहिजे ते सांगितलं. तिनं ज्वारीच्या राशीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"मले उफनाले वारा लागते," ती म्हणाली. "सूप वरून ओतलं की दाना खाली, भुसकट वाऱ्यासंगं. तुह्या या भिंगरीले काय लागते?"

"अजिबात वारा नको."

"मंग भांडन कायचं? वारा पडला की तुहं खळं, वारा सुटला की माहं. वारा सुटला की तू खळ्यातून हालशील, तिथल्या तिथं."

मी कबूल केलं. वारा नको, याची मला पक्की खात्री होती. तारेच्या विमानाला वारा म्हणजे वैरी, मग याला तर जास्तच, असा माझा सरळ हिशेब.

दर गुरुवारी दुकान बंद, आणि दर गुरुवारी मी रिठदला. मशीनच्या पायांखाली बांबूच्या लांब कामट्यांची फुली बांधली, टोकांना रबरी चेंडू, म्हणजे कलंडलं तरी पातं जमिनीला लागू नये. अनवाणी उभा राहून पट्टा ओढायचा, इंजिन किंचाळायचं, एरंडेलाचा धूर साऱ्या खळ्यावर पसरायचा. बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, कोनाचं पोट बिघडलं बाई. मी मात्र त्यांना सांगत असायचो, आता हे वर जाईल, आता हे डावीकडे झुकेल, आता मी ते सावरीन. ते वर जायचं, वीतभर. डावीकडे झुकायचं, मी म्हणालो त्यापेक्षा जास्त. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि सावरायच्या आत ते राशीच्या दिशेनं तिरपं पळत सुटायचं. मी घाईघाईनं खाली टेकवायचो.

बांधावर बसून चुलते हे सगळं पाहत. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, तंबाखू चोळत बसायचे. मी एकदा म्हणालो, की खळं त्या अंगाला थोडं उतरतं आहे, म्हणून पळतं. ते म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." दुसऱ्यांदा म्हणाले, "वयनी, हे बैलबंडीले बांधून टाका अन् याच्याच वाऱ्यानं ज्वारी उफना." माय म्हणाली, "त्याचा वारा त्यालेच पुरून नाई राह्यला." मला राग आला. पण खोटं बोलत नाही, मला तेव्हाही वाटत होतं, की हे जमणार. हात शिकतात, थोडा वेळ लागतो.

मग तो गुरुवार आला. सकाळपासून आभाळ भरत चाललेलं. माघात असं आभाळ आलं की गावाचं तोंड उतरतं. आमची निम्मी रास उफणायची बाकी होती, भुसकटासकट तशीच पडलेली. माय पहाटेपासून उफणायच्या उंच तिवईवर चढून उभी, मजूर बाया खाली सुपं भरून तयार, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. निंबाचं पान हलत नव्हतं. माय थकून खाली उतरली. मी मशीन गोधडीतून काढलंही नव्हतं. अशा दिवशी कसं काढायचं?

"काढ ना," तीच म्हणाली. "वारा पडला हाय. बोली ती बोली."

मी खळ्याच्या मोकळ्या अर्ध्या भागात मशीन ठेवलं, पट्टा ओढला. उचललं. नेहमीसारखी शेपटी भटकू लागली, मी नेहमीसारखा बोलू लागलो. आणि तेवढ्यात माझ्या मानेला गार लागलं. निंब सळसळला. वारा सुटला होता.

बाया धावल्या. माय तिवईवर चढली, पहिलं भरलेलं सूप तिच्या हातात गेलं. बोलीप्रमाणे मी तिथल्या तिथं खळ्यातून निघायला हवं होतं. पण उतरवावं म्हटलं आणि पाहतो तर मशीन बदललं होतं. आपण होऊन त्यानं वाऱ्याकडे तोंड केलं. भटकणारी शेपटी सरळ मागं राहिली, पुढं निघालेली बैलगाडी जशी सरळ राहते तशी. छातीएवढ्या उंचीवर ते उभं राहिलं. हललं नाही, पळालं नाही. इतके गुरुवार मी वारा पडायची वाट पाहत होतो, आणि त्याला वाराच हवा होता. मी फक्त अंगठ्यांनी किंचित हो-नाही म्हणत होतो. मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

वारा राशीकडून माझ्याकडे येत होता. मायनं सूप ओतलं असतं, तर सगळं भुसकट मशीनवर आलं असतं. हे मला कळत होतं, पण उतरवणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

"वयनी, वारा जाऊन राह्यला," चुलते बांधावरून म्हणाले.

"जाऊ द्या," माय म्हणाली.

टाकी संपत आली तेव्हा मी ते अलगद खाली टेकवलं. पाती शाबूत. वळून पाहिलं तर माय तिवईवर तशीच, दोन्ही हातांत भरलेलं सूप, खांद्याच्या वर धरलेलं. मी मशीन उचलून बाजूला पळालो. तिनं ओतायला सुरुवात केली. चार-दोन सुपं झाली असतील, निंब पुन्हा गप्प झाला.

रात्री पाऊस आला. ताडपत्री होती, पण ती पुरली नाही. उरलेल्या राशीला ओल लागली, दाणा काळा पडला. बाजारात तो कोण घेणार? घरी खायला ठेवला. त्या उन्हाळ्यात मी रिठदला गेलो की ताटात काळपट, कडसर भाकरी यायची. माय त्याबद्दल कधी बोलली नाही. शेवटी मीच एकदा जेवता जेवता विचारलं, "मा, त्या दिवशी तू ओतलं काहून नाई? मले हटकलं काहून नाई?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तू बोलून नव्हता राह्यला," ती म्हणाली. "जल्मात पहिल्यांदा पाहलं मी तुले चूप उभा. म्हटलं, राहू द्या."

मी ताट पुढं सरकवलं. तिनं दुसरी भाकरी वाढली.